आधी हात, मग खेळणे: एका पाळणाघराचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पुण्याच्या पश्चिमेकडील एका उपनगरात तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत आणि त्यांना लागून असलेल्या बंदिस्त गॅलरीत हे पाळणाघर चालते. सात महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतची दहा मुले येथे सकाळी साडेआठपासून संध्याकाळी सहापर्यंत असतात. संचालिकांना मुलेही काकू म्हणतात आणि पालकही. त्यांच्या मदतीला दोन ताई आहेत. पालकांनी आपसांत वर्गणी काढून १५,००० रुपये जमवले आणि त्यातून मुलांना ‘हाताने शिकवणारी’ खेळणी आणावीत असे ठरले. एका विक्रेत्याने लगेच प्रस्ताव दिला. बटन दाबले की दिवे लागणारे व इंग्रजी मुळाक्षरे म्हणणारे टेबल, गाणारे पुस्तक, अक्षरांचे चुंबकी ठोकळे आणि लहान-लहान भांड्यांचा स्वयंपाकघर संच असे त्यात होते, आणि जमलेली जवळजवळ सगळी रक्कम त्यातच संपणार होती. काकूंना तो प्रस्ताव पटत नव्हता. परंतु तो का पटत नाही हे पालकांसमोर मुद्देसूद मांडणे त्यांना अवघड जात होते. बालसंगोपनाच्या क्षेत्रात काम करणारी म्हणून त्यांनी माझा सल्ला मागितला. त्या निवडीची ही हकिकत आहे. मुलांची ओळख पटू नये म्हणून नावे आणि काही तपशील वगळले आहेत.

निरीक्षण

प्रस्तावावर मत देण्याआधी मी काकूंना एकच विनंती केली: खरेदी काही आठवडे पुढे ढकलावी आणि तोवर दोन्ही ताईंनी, प्रत्येक मूल दिवसभरात आपणहून काय हातात घेते आणि त्याचे काय करते, एवढेच एका वहीत लिहून ठेवावे. खेळण्याच्या खोक्यावर छापलेले वय सुरक्षिततेसाठी काटेकोरपणे पाळायलाच हवे. पण एखाद्या मुलाला आज कोणत्या कामाची ओढ लागली आहे हे त्या आकड्यावरून कळत नाही, ते त्याच्या हातांवरून कळते. निवडीचा सगळा पाया मी येथेच मानते.

पाळणाघरात आधीपासून खेळणी होतीच. कोपऱ्यातल्या एका मोठ्या प्लास्टिकच्या टबात चाके निखळलेल्या गाड्या, सेल संपलेला खेळण्यातला फोन, दाबली की चिवचिवणारी बदके, एकमेकांत न बसणारे दोन-तीन संचांचे ठोकळे अशा साठाहून अधिक वस्तू खच्चून भरलेल्या होत्या. रोज सकाळी टब उपडा केला जाई, मुले त्या ढिगाभोवती थोडा वेळ घुटमळत आणि मग पांगत. अमेरिकेतील टोलेडो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेला एक लहानसा अभ्यास येथे उपयोगी पडतो. त्यांनी ३६ मुलांना एकदा ४ आणि एकदा १६ खेळणी देऊन खेळू दिले. चारच खेळणी समोर असताना मुले एकेका खेळण्यापाशी अधिक वेळ रमली आणि त्याच्याशी अधिक निरनिराळ्या तऱ्हांनी खेळली. टबातल्या ढिगापाशी नेमके याच्या उलट होत होते, म्हणून नवे काही आणण्याआधी तो टब उचलून ठेवण्यात आला.

वहीत जमलेल्या नोंदी साध्या होत्या, पण बोलक्या होत्या. नऊ महिन्यांचे एक बाळ खाऊची स्टीलची वाटी आधी फरशीवर आपटायचे, मग या हातातून त्या हातात घ्यायचे, मग तिची कड तोंडात धरायचे आणि पुन्हा आपटायचे. चौदा महिन्यांची मुलगी डाळीच्या रिकाम्या डब्यात कपड्यांचे चिमटे एकेक करून टाकत होती, डबा भरला की उपडा करत होती आणि कोणी मध्ये पडले नाही तर कितीतरी वेळ तेच करत बसत होती. वीस महिन्यांचा मुलगा दप्तरांच्या चेन उघडण्यात आणि बाटल्यांची झाकणे फिरवण्यात गढलेला असे. अडीच वर्षांची एक मुलगी हात धुण्याच्या निमित्ताने मोरीत जाई आणि एका भांड्यातले पाणी दुसऱ्यात ओतत राही. तिला तेथून उठवणे हे ताईंचे रोजचे काम होऊन बसले होते. यांपैकी एकही उद्योग टबातल्या खेळण्यांशी संबंधित नव्हता.

एक नोंद मात्र वेगळी निघाली. अकरा महिन्यांच्या एका मुलासमोर वस्तू ठेवली की तो नेहमी उजवाच हात पुढे करतो, वस्तू डाव्या बाजूला ठेवली तरी अंग वळवून उजव्याच हाताने घेतो आणि त्याची डावी मूठ बहुतेक वेळ मिटलेली असते, असे एका ताईंनी सलग लिहिले होते. घरच्यांना तो ‘उजवा’ असल्याचे कौतुक होते. परंतु पहिल्या वर्षात निरोगी बाळ दोन्ही हात सारखेच वापरते. एवढ्या लवकर एकाच हाताकडे ठाम कल दिसला, तर दुसऱ्या हातात काही अडचण आहे का हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे लागते. काकूंनी आईला बाजूला घेऊन, घाबरवून न सोडता, वहीतल्या नोंदी दाखवल्या आणि बालरोगतज्ज्ञांकडे जाण्यास सुचवले. तपासणीनंतर त्या मुलाची फिजिओथेरपी सुरू झाली. खेळण्यांच्या खरेदीसाठी ठेवलेल्या वहीतून हे निघेल असे कोणाला वाटले नव्हते. पण मुलांचे हात नेमाने पाहिले जात नाहीत तेथे असे किती काळ नजरेआड राहू शकते, याचा विचार प्रत्येक पाळणाघराने करावा असे मला मनापासून वाटते.

सुरक्षिततेची चाळणी

भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांच्या गुणवत्ता नियंत्रणाचा आदेश लागू आहे. चौदा वर्षांखालील मुलांसाठीच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्युरोचे आयएसआय चिन्ह त्यामुळे बंधनकारक झाले. विक्रेत्याच्या संचातील टेबलावर ते होते, स्वयंपाकघर संचावर नव्हते; तेवढ्यावरच तो संच बाद झाला. तरीही चिन्ह पाहिले की काम संपले असे पाळणाघराला म्हणता येत नाही, कारण चार वर्षांच्या मुलासाठी योग्य ठरलेले खेळणे त्याच खोलीत रांगणाऱ्या आठ महिन्यांच्या बाळाच्या हाती पडते. म्हणून आम्ही सर्वांत लहान मुलाचा नियम सगळ्या खोलीला लावला.

गुदमरण्याचा धोका तपासण्यासाठी खेळण्यांच्या मानकांत एक लहान नळकांडे वापरले जाते. त्याचा आतील व्यास ३१.७ मिलिमीटर आणि तिरकस तळामुळे खोली एका बाजूस २५.४, तर दुसऱ्या बाजूस ५७.१ मिलिमीटर असते. जी वस्तू किंवा तुटलेला भाग त्यात पूर्ण मावतो, तो तीन वर्षांखालील मुलांसाठी धोक्याचा. आपल्या दहा रुपयांच्या नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर आहे, यावरून ते माप डोळ्यांसमोर येईल. गोल वस्तूंना त्याहून मोठे माप लावावे लागते, कारण गोल वस्तू घशात घट्ट बसते आणि श्वासाला वाटच राहत नाही. अमेरिकेच्या नियमांत तीन वर्षांखालील मुलांसाठी पावणेदोन इंचांपेक्षा लहान चेंडूला मनाई आहे. ताईंनी त्या मापांची पुठ्ठ्याची नळी आणि गोल भोक असलेला पुठ्ठा तयार केला आणि आधीच्या टबातली प्रत्येक वस्तू त्यांतून तपासली. बरीच खेळणी गेली. कपड्यांचे चिमटेही गेले, कारण त्यांची स्प्रिंग निघाली की दोन अर्धुके आणि एक तार उरते. त्या मुलीला पुढे त्याऐवजी मोठ्या लाकडी कड्या मिळाल्या.

चुंबकी ठोकळे पूर्णपणे नाकारले. ठोकळा फुटून आतली चुंबके बाहेर आली आणि मुलाने एकाहून अधिक गिळली, तर ती आतड्याच्या वेगवेगळ्या भागांतून एकमेकांना खेचतात, मधला भाग चिमटून तेथे छिद्र पडते. गाणारे पुस्तक बटन सेलवर चालत होते आणि त्याच्या सेलचे झाकण नखाने उघडत होते. असा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतसुद्धा गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. त्यामुळे सेलचा कप्पा स्क्रूने बंद केलेला नसेल, तर ते खेळणे घरात आणूच नये. पाण्यात टाकल्यावर फुगणारे रंगीत मणी एका पालकाने भेट म्हणून आणले होते, तेही परत केले. ते पोटात गेले तर तेथेही फुगतात आणि आतडे अडवतात. लांब दोऱ्यांची ओढायची खेळणी घेताना दोरी २२ सेंटिमीटरहून लांब नको, हेही पाहिले.

हाताने बनवलेल्या खेळण्यांचा प्रश्न अधिक नाजूक होता. पिढ्यान् पिढ्या आपल्याकडे डबीत चिंचोके किंवा हरभरे भरून खुळखुळा होत आला आहे. झाकण निघाले तर त्यातला प्रत्येक दाणा श्वासनलिकेत जाऊ शकतो. एकाच घरात, एकाच मोठ्या माणसाच्या नजरेखाली ते चालून जात असेल. दहा मुलांच्या खोलीत ते चालवू नये, असे मी स्पष्टपणे सांगितले. त्याऐवजी आवाजासाठी स्टीलच्या दोन मोठ्या कड्या एकमेकींत अडकवून घेतल्या.

निवड

चौदा महिन्यांच्या मुलीचे डब्यात टाकणे-काढणे आणि त्या आधीच्या वयातले आपटणे-चाखणे, या दोन गोष्टींना जागा करून देणे हे पहिले काम होते. ब्रिटनमधील बालशिक्षणतज्ज्ञ एलिनॉर गोल्डश्मिड यांनी बसू लागलेल्या, पण अजून चालू न लागलेल्या बाळांसाठी घरगुती वस्तूंनी भरलेल्या टोपलीची कल्पना रुजवली. या टोपलीत प्लास्टिकची खेळणी नसतात. धातू, लाकूड, कापड, कातडे अशा निरनिराळ्या स्पर्शांच्या वस्तू असतात आणि मोठे माणूस जवळ बसते, पण हातात काही देत नाही. आमच्या टोपलीत स्टीलच्या वाट्या, लहान गाळणी, कडा घासून गुळगुळीत केलेली लाकडी पळी, छोटे लाटणे, खणाचा आणि जुन्या मऊ धोतराचा तुकडा, मोठी लाकडी कडी आणि कापडी चेंडू एवढे होते. रवी सर्वांना हवी होती. ती ठेवली, पण फक्त बसलेल्या बाळासाठी, कारण उभ्याने चालताना लांब दांडा तोंडात असला आणि मूल पडले तर टाळूला इजा होते. डावी मूठ मिटणाऱ्या मुलासाठी थेरपिस्टच्या सल्ल्याने, एका हाताने उचलताच येणार नाहीत अशा वस्तू मुद्दाम निवडल्या: मोठा हलका चेंडू, दोन्ही हातांनी वाजवायची छोटी ढोलकी, आणि एका हाताने डबा धरल्याशिवाय झाकण निघत नाही असा डबा.

चालू लागण्याच्या उंबरठ्यावरील मुलांसाठी दोन पालकांनी बसायचा गोल वॉकर सुचवला होता. त्याला मी ठाम नकार दिला. त्या वॉकरमध्ये बसलेले मूल स्वतःचे वजन पेलत नाही, त्याला स्वतःचे पाय दिसत नाहीत, आणि त्याच्या आवाक्यापलीकडच्या वेगाने ते पायऱ्यांकडे किंवा गॅसजवळ जाऊन पोहोचते. प्रामुख्याने अशा अपघातांमुळेच कॅनडाने २००४ मध्ये अशा वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. आपला लाकडी पांगुळगाडा याहून अगदी निराळा आहे. तो धरून उभे राहायचे तर मुलालाच आधी उठावे लागते, तोल सांभाळावा लागतो आणि एकेक पाऊल टाकावे लागते. सुतारांकडून रुंद बैठकीचा पांगुळगाडा करून घेतला. तो वेगाने पुढे निसटू नये म्हणून त्याच्या पुढच्या आडव्या फळीवर घट्ट शिवलेली तांदळाची पिशवी बांधली आणि तो फक्त गॅलरीच्या सपाट फरशीवर, दार लावून घेऊनच वापरायचा असे ठरले.

दीड वर्षापुढच्या मुलांना रचणे, बसवणे, फिरवणे आणि ओतणे हवे होते. साधारणपणे दीड वर्षाचे मूल तीन-चार ठोकळ्यांचा आणि दोन वर्षांचे सहा-एक ठोकळ्यांचा मनोरा रचते, म्हणून थोडेच पण एकाच मापाचे, वजनदार लाकडी ठोकळे घेतले. हलका ठोकळा हात लागताच कोसळतो आणि मूल कंटाळते. मोठ्या खुंट्यांचे तीन-चार तुकड्यांचे चित्रफलक, वेगवेगळ्या मळसूत्रांच्या झाकणांच्या बरण्या, आणि जाड कापडावर शिवलेल्या चेन, बटणे व वेल्क्रो असलेला एक फलक काकूंच्या शेजारणीने करून दिला. अडीच वर्षांच्या मुलीसाठी गॅलरीत उथळ परात, दोन तांबे आणि एक नरसाळे ठेवले गेले. पाण्याशेजारी मोठे माणूस सतत बसलेच पाहिजे, अगदी तळाशी असलेल्या पाण्यातही लहान मूल बुडू शकते. म्हणून ही सोय दिवसातून एकदाच, बाळे झोपलेली असताना होते.

भातुकलीवर बराच ऊहापोह झाला. एका आजींनी सावंतवाडीच्या चितारआळीतून आणलेली सुरेख लाकडी भातुकली देऊ केली होती. या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि तिथली मोठी लाकडी फळे आम्ही आनंदाने घेतली; पण भातुकलीतली पोळपाट-लाटणी, पळ्या आणि इवल्या कढया आमच्या नळीत सहज मावत होत्या. ती वरच्या कपाटात गेली, तीन वर्षांपुढच्या मुलांसाठी. खेळायला खरी लहान स्टीलची पातेली दिली. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची लाखेच्या रंगांची कडी-मनोऱ्याची खेळणीही घेतली. येथे ग्राहकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: हस्तकला विभागाकडे नोंदणी झालेल्या कारागिरांच्या आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या खेळण्यांना आयएसआय चिन्हातून सूट आहे. म्हणजे चिन्ह नाही म्हणून ती वाईट ठरत नाहीत, तसेच कोणी ‘पारंपरिक’ म्हटले म्हणून ती आपोआप निर्धोक ठरत नाहीत. रंग ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहणे, कडा चाचपणे आणि सांधे ओढून पाहणे हे काम घेणाऱ्यालाच करावे लागते.

सर्वांत मोठा खर्च शेवटी खेळण्यांवर झालाच नाही. मुलांच्या छातीच्या उंचीची, भिंतीला स्क्रूने पक्की केलेली उघडी मांडणी सुतारांकडून करून घेतली. तिच्यावर एका वेळी सहा-सातच वस्तू, प्रत्येक आपल्या ट्रेमध्ये. बाकीच्या कपाटात आणि दर पंधरवड्याला अदलाबदल. त्याखालोखाल पैसे गेले ते जाड पानांच्या मराठी चित्रपुस्तकांवर.

पालकांचे आक्षेप

पालकांच्या बैठकीत सर्वांत टोकदार प्रश्न एका वडिलांनी विचारला: घरच्याच वाट्या आणि डबे द्यायचे असतील, तर एवढी वर्गणी कशासाठी काढली? प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर देणे आमचे कर्तव्य होते. त्यांना बोलणारे टेबल हवे होते, कारण घरी आजी-आजोबा मराठीच बोलतात आणि मुलाच्या कानांवर इंग्रजी पडावे अशी त्यांची इच्छा होती. मी त्यांना नॉर्दर्न अॅरिझोना विद्यापीठातील एका अभ्यासाविषयी सांगितले, जो २०१५ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. त्यात १० ते १६ महिन्यांची २६ बाळे आपापल्या घरी आई किंवा वडिलांबरोबर तीन प्रकारच्या वस्तूंनी खेळली. आवाज-दिव्यांची खेळणी असताना मोठ्यांनी मिनिटाला सुमारे ४० शब्द उच्चारले, ठोकळ्यांसारख्या साध्या खेळण्यांशी सुमारे ५६ आणि पुस्तकांशी सुमारे ६७. बाळांचे आवाज काढणेही बोलक्या खेळण्यांबरोबर कमी झाले. अभ्यास लहान होता आणि कुटुंबे अमेरिकन होती, हेही मी त्यांना सांगितले. पण खेळणे बोलू लागले की माणूस गप्प बसतो, हे त्या पालकांनी आपल्या घरी पाहिले होते आणि त्यांनी ते प्रांजळपणे मान्य केले. शब्द मुलाच्या हातातल्या वस्तूला आणि समोरच्या माणसाच्या चेहऱ्याला जोडून आला, तरच त्याला त्याचा उपयोग होतो. ती भाषा मराठी असो की इंग्रजी, एवढ्या वयात भाषा माणसांकडूनच येते.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, तेव्हा महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, पाने, बिया, माती हेच शिकण्याचे साहित्य केले. त्यांची मुले मात्र बालवाडीच्या वयाची होती. शिंपले आणि बिया तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती देता येत नाहीत, त्यामुळे त्यांच्याकडून साहित्याची यादी न घेता परिसरातून साहित्य शोधण्याची दृष्टी घ्यावी, असे मी काकूंना सुचवले. दोन पालकांचे तरीही पूर्ण समाधान झाले नाही. त्यांनी आपल्या मुलांसाठी बोलके टेबल घरी आणले. पाळणाघराने त्याला हरकत घेतली नाही.

सहा महिन्यांनंतर

सहा महिन्यांनी वही पुन्हा पाहिली, तेव्हा काही गोष्टी ठरल्याप्रमाणे झाल्या होत्या आणि काही नाही. टोपली सर्वांत अधिक वापरली गेली. झाकणांच्या बरण्या आणि चेनचा फलक वीस महिन्यांच्या मुलाने तर वापरलाच, पण त्यानंतर आलेल्या प्रत्येक मुलाने वापरला. चेंडू टाकला की तो खालच्या खणातून बाहेर येतो अशी लाकडी पेटी महाग पडली. एखाद्या मुलाला ती काही आठवडेच पुरते आणि चेंडू कोठून निघतो हे कळले की तिच्याकडे ते पाहत नाही. एकट्या घराने ती विकत घेऊ नये, पुठ्ठ्याच्या खोक्याला भोक पाडून तेच काम होते; पाळणाघरात मात्र पाठोपाठ मुले येत असल्याने ती वाया गेली नाही. पांगुळगाडा एकदा रांगणाऱ्या बाळाच्या बोटांवरून जाता-जाता वाचला, म्हणून आता रांगणारी मुले गॅलरीत असताना तो भिंतीला टांगून ठेवतात.

पावसाळ्याने वेगळीच अडचण आणली. लाकडी वस्तू आणि कापडी चेंडू यांना बुरशी धरू लागली. तोंडात जाणारी स्टीलची भांडी रोज साबणाने धुता येतात, पण लाकूड पाण्यात भिजवता येत नाही. ते ओल्या फडक्याने पुसून पंख्याखाली पूर्ण कोरडे करावे लागते. जुलै-ऑगस्टमध्ये टोपलीतले कापड आणि लाकूड निम्म्याने कमी करून धातूच्या वस्तू वाढवायच्या, असे ताईंनी स्वतःच ठरवले.

डावी मूठ मिटणाऱ्या मुलाची थेरपी चालू आहे. ढोलकीवर आता तो दोन्ही हात टाकतो, झाकणाचा डबा डाव्या हाताने दाबून धरू लागला आहे. तरीही घाईत असला की उजवाच हात पुढे येतो, आणि त्याच्या नोंदी थेरपिस्टच्या सांगण्यावरून स्वतंत्र वहीत ठेवल्या जातात. काकूंपुढचा अनुत्तरित प्रश्न जागेचा आहे. दोन वर्षांपुढच्या मुलांना आता बारीक तुकड्यांचे काम, मणी ओवणे आणि भातुकली हवी आहे, आणि त्याच खोलीत नवी बाळे दाखल होणार आहेत. पुढच्या वर्गणीतून खेळणी न घेता खोलीच्या मध्ये कमरेइतक्या उंचीचा, आतून कडी असलेला लाकडी कठडा घालावा, असा प्रस्ताव त्यांनी पालकांसमोर ठेवला आहे.